शिशाच्या डोंगरांतली घरं: गलीना ते मिनरल पॉइंट

शुक्रवार

शिकागोच्या उपनगरांतून पश्चिमेला निघालं की दोन तास नुसता मका. मका, सोयाबीन, मध्येच एखादं धान्याचं कोठार, परत मका. वीस नंबरचा हायवे फ्रीपोर्ट ओलांडून स्टॉकटनकडे सरकला की मात्र जमीन उचलायला लागते, रस्ता वळणं घेतो आणि दोन्ही बाजूंनी झाडीचे डोंगर येतात. मागच्या सीटवर डुलक्या काढणारे अण्णा, म्हणजे माझे सासरे, ताठ बसले. "हा घाट कुठून आला गं मध्येच?"

घाट म्हणण्याएवढा तो नाही, पण प्रश्न बरोबर होता. हिमयुगात बर्फाच्या थरांनी आजूबाजूचा मुलूख घासून सपाट केला आणि दऱ्या गाळाने बुजवल्या. इलिनॉयचा हा वायव्य कोपरा, लगतचं नैऋत्य विस्कॉन्सिन आणि मिसिसिपीपलीकडची एक पट्टी तेवढी त्यातून सुटली. म्हणून इथे डोंगर शिल्लक राहिले आणि त्यांच्या पोटातलं शिसंही जमिनीखाली फार खोल गेलं नाही. कुदळ मारावी आणि खनिज हाती यावं, अशी परिस्थिती. इथली जुनी गावं वसली ती त्यापायी. शेतीचा नंबर नंतर लागला.

अण्णा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. म्युझियममध्ये पंधरा मिनिटांत जांभया देतात, पण जुनी भिंत दिसली की हात लावून बघितल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. गेल्या खेपेला नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं. या वेळी नवरा म्हणाला, त्यांना गलीना आणि मिनरल पॉइंटची जुनी घरंच दाखवू.

गलीनाच्या अलीकडे एलिझाबेथ नावाचं छोटं गाव लागतं. तिथे ॲपल रिव्हर फोर्ट आहे. किल्ला म्हटल्यावर अण्णांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मी समजू शकते, कारण समोर लाकडी ओंडके उभे रोवून केलेलं एक कुंपण, आत एक-दोन खोपटी आणि कोपऱ्यावर माच एवढंच होतं. "याला किल्ला म्हणतात?" त्यांनी मराठीत विचारलं, हे बरं झालं. खाणीवर आलेल्या लोकांनी १८३२ च्या मे महिन्यात घाईघाईने, आठवड्याभराच्या आत हे उभं केलं होतं. मूळ बांधकाम केव्हाच गेलं. १९९० च्या दशकात उत्खननात जागा सापडल्यावर तसंच नवं बांधलं.

घाई कशाची, तर ब्लॅक हॉकची. सॉक या मूळ अमेरिकन जमातीचा हा पुढारी. १८०४ च्या एका तहाने त्याच्या लोकांची मिसिसिपीच्या पूर्वेची सगळी जमीन सरकारच्या नावे झाली होती. तो तह आपल्या लोकांनी केलाच नाही, असं त्याचं म्हणणं. एप्रिल १८३२ मध्ये तो बायका-मुलं, म्हातारेकोतारे अशा हजारावर माणसांसह नदी ओलांडून आपल्या मुलखात परत आला आणि युद्धाला तोंड फुटलं. २४ जूनला त्याच्या दोनशेच्या आसपास लोकांनी या कुंपणावर हल्ला केला. आतले पुरुष गोळ्या झाडत होते आणि एलिझाबेथ आर्मस्ट्राँग नावाच्या बाईने बाकीच्या बायकांना कामाला लावलं: कुणी बंदुका भरायच्या, कुणी शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या. तासाभराने हल्लेखोर पीठ, गुरं आणि घोडी घेऊन निघून गेले.

इथली मांडणी बाईच्या धीटपणाभोवती आहे आणि तो होताच. पण ऑगस्टच्या सुरुवातीला उत्तरेला बॅड ॲक्सपाशी मिसिसिपी पार करायच्या प्रयत्नात ब्लॅक हॉकची शेकडो माणसं, बायका-पोरांसकट, मारली गेली. त्यानंतरच या डोंगरांत निर्धास्तपणे घरं उठायला लागली. उद्यापासून जी सुंदर घरं बघायची होती, त्यांचा पाया इथे आहे, हे मला कुंपणाशी उभं राहून जास्त जाणवलं.

संध्याकाळी गलीनात पोचलो. मेन स्ट्रीटच्या तोंडाशी दोन अजस्र हिरवी दारं आहेत. पुराची दारं ती, १९५१ मधली. नदीला पूर आला की ओढून घ्यायची. नदी बघायला गेलो तर ओढा म्हणावा इतपतच पात्र. याच पात्रातून एकेकाळी वाफेच्या बोटींची रांग लागायची, यावर अण्णांनी विश्वास ठेवायला साफ नकार दिला.

शनिवार

सकाळी पहिल्यांदा डाउलिंग हाउस. १८२६ चं, गलीनातलं सगळ्यात जुनं दगडी घर. खाली दुकान, वर बिऱ्हाड. जॉन डाउलिंग खाणकामगारांना लागणारा माल विकायचा. भिंती इथल्याच पिवळसर चुनखडीच्या. अण्णांनी कोपऱ्यावर हात ठेवला, मग दोन पावलं मागे जाऊन भिंत वरून खाली बघितली. "डबराचं, म्हणजे न घडवलेल्या दगडाचं, काम आहे. पण कोपऱ्याचे दगड घडीव घेतलेत आणि आलटून पालटून बसवलेत. गवंडी जाणता होता." आमच्यासोबतच्या वाटाड्या बाईंना हे भाषांतर करून सांगितलं तर त्या खूश झाल्या आणि त्यांनी काउंटरवरचा एक खडा अण्णांच्या हातात दिला.

तो गलीना. ज्याच्यावरून गावाचं नाव पडलं ते शिशाचं खनिज. मुठीत मावेल एवढाच तुकडा, पण अण्णांचा हात वजनाने खाली गेला. करडा-रुपेरी रंग, आणि फुटलेल्या बाजूला लहान-लहान चौकोनी ठोकळे, एकमेकांना काटकोनात चिकटलेले. उजेडात फिरवला की एकेक ठोकळा चमकतो. गंधक आणि शिसं, बाकी काही नाही. लाकडाच्या भट्टीत भाजलं की शिसं खाली वाहून येतं.

ही भट्टी गोऱ्यांनी आणलेली नाही. मेस्क्वाकी आणि सॉक लोक, मुख्यतः त्यांच्या बायका, आधीपासून इथे खणत होत्या. उतारावर खड्डा करायचा, ओंडक्यांवर खनिज रचायचं, पेटवायचं आणि खालच्या चरातून धातू घ्यायचा. मिसिसिपीच्या पलीकडच्या काठावर ज्युलियन दुबुकला १७८८ मध्ये खाणींची परवानगी मेस्क्वाकींनीच दिली. त्याचं नाव आज अख्ख्या शहराला आहे. मग १८०७ पासून अमेरिकन सरकारने शिशाच्या जमिनी राखून ठेवून खंडाने द्यायला सुरुवात केली, आणि १८२२ मध्ये केंटकीचा कर्नल जेम्स जॉन्सन सरकारी परवाना, माणसं आणि गुलाम घेऊन इथे उतरला. 'पहिले रहिवासी' म्हणून पाट्यांवर जी नावं असतात, त्यांच्या आधीच्या बायकांचं आणि सोबत आणलेल्या गुलामांचं एकही घर आज दाखवायला नाही. मी वाटाड्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लोक हा प्रश्न आता विचारायला लागलेत.

पुढची वीसेक वर्षं मात्र नुसती भरभराट. १८४५ च्या सुमाराला देशातलं ऐंशी टक्के शिसं या टापूतून जात होतं. बंदुकीच्या गोळ्या, पांढरा रंग, छापखान्याचे खिळे, नळ, सगळ्याला शिसं. बोटींच्या मालकांनी आणि व्यापाऱ्यांनी टेकडीच्या उतारावर टप्प्याटप्प्याने घरं बांधली. खाली मेन स्ट्रीट, वर घरं, त्याच्या वर देवळांचे मनोरे, आणि सगळ्यांना जोडणाऱ्या दगडी-लाकडी पायऱ्या. त्या पायऱ्या चढून अण्णांचे गुडघे बोलायला लागले आणि नवऱ्याने गाडी आणली.

ग्रँटचं घर नदीपलीकडे आहे. युलिसिस ग्रँट, यादवी युद्धातला उत्तरेचा सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. लाल विटांचं चौरस घर, रुंद छज्जे, खाली नक्षीचे टेकू. १८६० मध्ये दुसऱ्याच कुणासाठी बांधलेलं हे घर गावातल्या धनिकांनी अडीच हजार डॉलरला घेतलं आणि ऑगस्ट १८६५ मध्ये युद्ध जिंकून आलेल्या ग्रँटला सजवून भेट दिलं. आतलं बरंचसं सामान ग्रँट कुटुंबाचंच आहे. जेवणाच्या टेबलावर ताटं मांडलेली, बैठकीत खुर्च्या.

गंमत अशी की तो या घरात फारसा राहिलाच नाही. आधी वॉशिंग्टन, मग आठ वर्षं व्हाइट हाउस, मग जगप्रवास. गलीनात तो खऱ्या अर्थाने राहिला ते १८६० ते ६१, जेमतेम वर्षभर. मिसुरीत शेती बुडाली, इतर उद्योगही बसले, म्हणून अडतिसाव्या वर्षी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली नोकरीला आला. तेव्हा भाड्याने घेतलेलं विटांचं घर हाय स्ट्रीटवर, टेकडीच्या पार वर आहे. आम्ही ते बाहेरूनच बघितलं. मला विचाराल तर ग्रँट समजायला हेच घर बरं. रोज संध्याकाळी दुकान बंद करून एवढ्या पायऱ्या चढून घरी येणारा, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेला, अंगावर कर्ज असलेला माणूस. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध झालं नसतं तर त्याचं नाव कुणाला कळलं असतं?

युद्ध चालू असताना कुणीतरी त्याला राजकारणाबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता की गलीनाचा महापौर व्हायला आवडेल, म्हणजे घरापासून स्टेशनापर्यंतचा फुटपाथ तरी करून घेता येईल. तो परतला त्या दिवशी मेन स्ट्रीटवर कमान होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'जनरल, फुटपाथ झाला.' अण्णा या गोष्टीवर इतके हसले की पुढच्या खोलीतले लोक वळून बघायला लागले. चाळीस वर्षं पीडब्ल्यूडीत काढलेल्या माणसालाच तेवढं हसू येऊ शकतं.

जगप्रवासाचा विषय निघाला तेव्हा मी एक माहिती काढली. फेब्रुवारी १८७९ मध्ये ग्रँट मुंबईत उतरला होता. गव्हर्नर रिचर्ड टेंपलचा पाहुणा म्हणून मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात राहिला, आज राज्यपाल राहतात त्याच आवारात. तिथून आग्रा, दिल्ली करत पुढे चीन, जपान, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात परत या टेकडीवर. अण्णांनी लगेच ते वाटाड्याला सांगायला लावलं आणि मलबार हिलवरून समुद्र कसा दिसतो, याचं इंग्रजीत स्वतः वर्णन केलं.

दुपारी वॉशबर्न हाउस. ग्रँटला वर आणणारा काँग्रेसमन एलिहू वॉशबर्न याचं, १८४० च्या दशकातलं, समोर ग्रीक पद्धतीचे खांब असलेलं. १८६८ च्या निवडणुकीच्या रात्री ग्रँट इथल्या वाचनालयात तारेने येणारे निकाल ऐकत बसला होता. डिसोटो हाउस हॉटेल १८५५ चं. त्याच्या सज्जातून २३ जुलै १८५६ रोजी लिंकनने भाषण केलं. पाच मजली होतं, १८८० मध्ये वरचे दोन मजले उतरवले. भरायला गिऱ्हाईकच राहिलं नव्हतं. जुनं मार्केट हाउस बाहेरून बघून पुढे.

पोस्ट ऑफिसपाशी मी मात्र थांबले. दगडी, साधी, भक्कम इमारत, अजूनही वापरात. १८५० च्या दशकाअखेरीस कस्टम हाउस म्हणून बांधली तेव्हा कामावर देखरेख करणारा इंजिनिअर होता इली पार्कर, सेनेका या मूळ अमेरिकन जमातीचा. कायदा शिकला, पण नागरिक नाही म्हणून वकिली करू दिली नाही, तेव्हा इंजिनिअर झाला. इथेच त्याची ग्रँटशी ओळख झाली. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ग्रँटला शरण आला, त्या शरणागतीच्या अटींची शाईतली प्रत त्याच्या हातची आहे. गलीनाने या युद्धाला नऊ जनरल दिले, त्यातला मला सर्वांत मोठा वाटतो तो हा. अण्णांनी इमारतीच्या जोत्याची पाहणी केली आणि "कुठे खचलेलं नाही" असा दाखला दिला.

संध्याकाळी नदीकाठी बसून नवऱ्याने विचारलं, एवढं सगळं होतं तर गाव बसलं का? भट्ट्यांसाठी डोंगर तोडले, माती वाहून नदीत आली आणि पात्र उथळ झालं. १८५४ मध्ये रेल्वे आली आणि बोटींचा धंदा तिच्याकडे गेला. वरवरचं शिसं संपलं. भरभराटीच्या काळात चौदा हजारांवर वस्ती सांगतात, आज साडेतीन हजारही नाही. पैसा गेल्यामुळे जुनं पाडून नवं बांधायची कुणाची ऐपत उरली नाही. १९६९ मध्ये गावाला ऐतिहासिक दर्जा मिळाला तेव्हा रस्तेच्या रस्ते शंभर वर्षांपूर्वीचेच होते. गरिबीने राखलेलं गाव आहे हे. आता त्याच घरांत फज आणि मेणबत्त्या विकतात आणि खोलीचं भाडं ऐकून आपल्याला गरिबी येते.

रविवार

राज्याची सीमा ओलांडून हेझल ग्रीन, क्यूबा सिटीवरून प्लॅटव्हिलला. तिथे १८४५ ची बेव्हन्स ही शिशाची खाण बघायला मिळते. नव्वद पायऱ्या उतरून खाली जायचं. अण्णा वर बाकावर बसले. खाली ऐन उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. छत हाताला लागेल इतकं खाली, भिंतींवर कुदळींचे घाव जसेच्या तसे. मार्गदर्शकाने दिवे घालवून एकच मिणमिणता ठेवला. खाणकामगार टोपीवर मातीच्या गोळ्यात मेणबत्ती खोचून काम करायचे, तेवढाच उजेड. मेणबत्तीचा खर्चही त्यांचाच. कालच्या बैठकखान्यांतल्या काचेच्या झुंबरांचे पैसे इथून वर गेले.

बेलमाँटजवळ शेतांच्या मध्ये दोन पांढरी लाकडी घरं आहेत. विस्कॉन्सिन टेरिटरीची, म्हणजे राज्य होण्याआधीच्या प्रदेशाची, पहिली राजधानी. १८३६ च्या हिवाळ्यात इथे विधिमंडळ ४६ दिवस भरलं, थंडीने आणि गैरसोयीने सगळे वैतागले आणि राजधानी मॅडिसनला न्यायचं ठरवून पांगले. आम्हीही दहा मिनिटांत निघालो.

मिनरल पॉइंटला मात्र उरलेला दिवस कमी पडला. १८२७-२८ मध्ये इथे खणायला आलेल्या पहिल्या लोकांनी घरं बांधलीच नाहीत. टेकडीत बीळ खणायचं, तोंडाशी फांद्या टाकायच्या आणि हिवाळा काढायचा. १८३० च्या दशकात इंग्लंडच्या टोकाच्या कॉर्नवॉलमधले लोक यायला लागले. तिथल्या कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींत पिढ्यान् पिढ्या खडक फोडलेले. वरवरचं शिसं संपलं की बाकीचे हात टेकायचे, हे खडकात शिरायचे. आणि दगडाशी दोस्ती असल्यामुळे घरंही दगडाची.

ती घरं शेक रॅग स्ट्रीटवर आहेत. टेकडीत पाठ घुसवून उभी, मागे-पुढे एकच खोली, खुजी दारं, दीड-दोन फुटी भिंती. अण्णांना इथे अखेर मनासारखं सापडलं. "हे बघ," त्यांनी मला बोलावलं. "रस्त्याकडची भिंत घडीव दगडाची, थर सरळ, दर्जा, म्हणजे दगडांमधले चुन्याचे सांधे, बारीक. बाजूच्या भिंतीला ये. डबर. मिळेल तो दगड, भरपूर चुना." पैसा आणि मेहनत दर्शनी बाजूला, बाकी काटकसर. खिडकीवर दगडी तुळई नाही, लाकडी आहे, हेही त्यांनीच दाखवलं. खाणीत बारा महिने राबून सुटीच्या वेळात स्वतः बांधलेली घरं ही. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, त्याची बातमी आली आणि यांतली कितीतरी माणसं सामान बांधून निघून गेली.

नंतरची शंभर वर्षं घरं पडत गेली, दगड विकला गेला. १९३५ मध्ये रॉबर्ट नील आणि एडगर हेलम या दोघांनी यातलं एक पडकं घर दहा डॉलरला घेतलं. नील याच गावचा, कॉर्निश वंशाचा. नाव ठेवलं पेंडार्विस, कॉर्नवॉलमधल्या गावावरून. मग शेजारचं ट्रेलॉनी, मग तीन मजली पोलपेरो, खाली दगड आणि वर ओंडके. मंदीचे दिवस, हातात पैसा नाही, म्हणून घरातच कॉर्निश जेवणाची खानावळ काढली. आधी कळवल्याशिवाय जागा मिळायची नाही. त्या जेवणावर या भिंती उभ्या राहिल्या. दोघांनी सगळं आयुष्य बरोबर काढलं आणि १९७० मध्ये हा सगळा ऐवज राज्याच्या इतिहास संस्थेला दिला. पुढच्याच वर्षी मिनरल पॉइंटची जुनी वस्ती ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली, विस्कॉन्सिनमधली पहिली. जुन्या घरांबद्दल सरकारी खातं, समिती, निधी असलं काही नसताना दोन माणसांनी हे केलं, याचं मला गलीनाच्या सगळ्या सजवलेल्या बैठकखान्यांपेक्षा जास्त कौतुक वाटलं. नवऱ्याचं मत वेगळं. तो म्हणे, गावच्या लोकांनी ग्रँटला घर दिलं तेही लहान काम नव्हे. यावर गाडीत बराच वाद झाला.

पण आधी जेवण. पेस्टी म्हणजे तळहाताएवढी खारी करंजी, मुरड घातलेली, आत गोमांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा सलगमचा भाऊ. खाणीत डब्याशिवाय नेता यावी म्हणून हा आकार. अण्णा शाकाहारी, त्यांच्या वाट्याला फिगीहॉबिन आलं: मनुका-अक्रोड भरलेली गुंडाळी, वर गरम कॅरॅमल. "डॉक्टरांना सांगू नका," म्हणत त्यांनी दुसरंही मागवलं.

हाय स्ट्रीटवर एका दुकानाच्या कपाळावर जस्ताचा कुत्रा उभा आहे, एक पाय उचललेला. जोसेफ गंड्री या कॉर्निश व्यापाऱ्याच्या दुकानाचा. शिशानंतर गावाला जस्ताने तारलं, ते साजेसंच. गंड्रीची १८६८ ची हवेली गावाच्या कडेला आहे. १९३९ मध्ये ती पाडायला निघाले होते, गावकऱ्यांनी इतिहास मंडळ काढून वाचवली. आम्ही पोचलो तेव्हा आत जायची वेळ टळली होती, म्हणून बाहेरून फेरी मारली. अण्णांना गंड्रीपेक्षा शेक रॅगचं काम सरस वाटलं.

कुणी जाणार असाल तर दोन गोष्टी. पेंडार्विस हिवाळ्यात बंद असतं आणि मोसमातही आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, वेळ बघून निघा. ऑक्टोबरात पानं रंगली की गलीनात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मिनरल पॉइंटला मुक्काम करून गलीना सकाळी लवकर उरका. कच्च्या पेस्ट्या बर्फात घालून मिळतात, घरी येऊन ओव्हनमध्ये भाजायच्या. आम्ही सहा घेतल्या. अण्णांनी पुढच्या खेपेसाठी दुबुकचा शॉट टॉवर लिहून ठेवलाय, १८५६ चा, गोळ्या ओतायचा दगडी मनोरा. त्याची दर्जा कुणी भरली, हे त्यांना बघायचंय.